अंधारबावीतलं पाणी कुठनं येतंय?

मागच्या थंडीत पुण्याचे पाहुणे आले होते म्हणून त्यांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो. तीन दरवाज्याशेजारच्या अंधारबावीत उतरलो तर आत एका शाळेची सहल आलेली. सातवी-आठवीतली पोरं, अंगात निळे स्वेटर, पायऱ्यांवर रेटारेटी, आत आवाज घुमतोय हे कळल्यावर प्रत्येकजण एकदा तरी ओरडून बघणारच. वरनं सरांची शिट्टी चालू, चला चला, अजून सज्जा कोठी व्हायची आहे, जेवायला उशीर होतोय. सगळी पोरं धावत वर गेली. एक बारकं पोरगं तेवढं मागं राहिलं, खाली वाकून पाण्याकडं बघत होतं, काळपट हिरवं पाणी, त्यावर तरंगणारी एक बिसलेरीची बाटली. सर त्याला न्यायला खाली आले तसं त्यानं विचारलं, "सर, ह्यात पाणी कुठनं येतंय ओ?" सर म्हणाले, "झरा असतोय रे. चल लवकर." गेलं पोरगं. सरांना मी काही बोल लावत नाही, एवढी पोरं गडावर आणायची आणि संध्याकाळी मोजून परत न्यायची हे सोपं काम नाही. पण घरी आल्यावरसुद्धा तो प्रश्न काही डोक्यातनं जाईना.

कारण पन्हाळ्याबद्दल आपल्याला सगळं पाठ असतंय. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू, पावनखिंड, कोल्हापूरचं कुठलंही पोर झोपेतनं उठवलं तरी सांगेल, आणि सांगावंच. पण १६६० मध्ये महाराज जवळपास चार महिने त्या गडावर अडकून होते, बरोबर फौज, घोडी, जनावरं, त्यात चैत्र-वैशाखाचं ऊन, एवढ्या जिवांनी प्यायलं काय आणि खाल्लं काय हे कुणी विचारत नाही. अंबारखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ह्या कोठ्या बघताना गाईड सांगतो की एकट्या गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावत होतं, आपण वॉव म्हणतो, सेल्फी काढतो आणि पुढं जातो. पन्हाळ्यावर पावसाळ्यात कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत, त्या धुक्यात आणि ओलीत ते धान्य बुरशी न लागता टिकवलं कसं असेल, ह्यासाठी पाच मिनिटं थांबून नुसती भिंतीची जाडी बघितली, कमानीच्या आत आणि बाहेर हवा किती वेगळी लागते ते अंगावर घेतलं तरी पोरांना केवढं काय काय कळेल. फ्रीज नाही, लाइट नाही, आणि तरी साठवण. अंधारबाव तर तीन मजली. तळाला पाणी, मधल्या मजल्यावरनं तटाबाहेर जायची चोरवाट, वर राहण्या-पहाऱ्याची जागा. शत्रूनं गडावरच्या पाण्यात विष कालवलं तर निदान एक विहीर तरी कडीकुलपात राहावी म्हणून ती अशी झाकलेली, असं सांगतात. ज्यानं कुणी बांधली त्याला पाण्याची किंमत चोख माहीत होती.

"झरा असतोय" हे उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्धं आहे. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा आणि खाली काळा कातळ. जांभा म्हणजे भोकाभोकाचा दगड, चहात बुडवलेला पाव जसा चहा पितो तसा तो पाऊस पितो, मग खाली कातळ लागला की ते पाणी अडतं आणि जिथं फट मिळेल तिथनं हळूहळू पाझरत राहतं. गडावरच्या विहिरी आणि डोंगराच्या पोटातले झरे सगळे ह्याच हिशेबावर जगतात. एवढं कळलं की पुढचा प्रश्न पोरंच विचारतात, विचारावा लागत नाही, की वर पठारावर काँक्रीट झालं, हॉटेलं झाली, पार्किंगला म्हणून फरशी घातली, बोअर मारल्या, तर पाऊस मुरणार कुठनं? आणि मुरला नाही तर जाणार कुठं? २०२१ च्या जुलैत गडावर जाणारा रस्ताच खचला आणि कितीतरी महिने मोठ्या गाड्या वर जात नव्हत्या, ते सगळ्यांनी बघितलंय. त्याचं कारण एकच होतं असं मी म्हणणार नाही, पावसानं त्या वर्षी कहरच केला होता. पण डोंगराला किती पाणी पेलतं आणि आपण त्याच्यावर काय काय ठेवलंय, हा विचार त्या खचलेल्या रस्त्याशेजारी उभं राहून जेवढा पटतो तेवढा वर्गात पटत नाही. आता २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेशाच्या १२ किल्ल्यांमध्ये, मला मनापासून आनंद झाला, डोळ्यात पाणी आलं खरं सांगते, आणि त्याच दिवशी भीतीपण वाटली की आता गर्दी वाढणार.

विहीर जपायची तर पठार जपायला लागतंय, एवढं त्या पोराला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग काही दिवसांनी भाची आली. अकरावीला आहे, पर्यावरणाचा प्रोजेक्ट द्यायचा होता. विषय जलसंवर्धन. "आत्ती, तुझ्याकडं प्रिंटर आहे की, मला फक्त वीस पानं काढून दे," म्हणाली. पानं बघितली, नेटवरनं घेतलेली, पहिल्या पानावर हातात पृथ्वी धरलेलं चित्र, खाली पाणी हेच जीवन, मग पाण्याचे प्रकार, मग उपाय, दात घासताना नळ बंद ठेवा. तिचा दोष नाही, तिच्या मोठ्या भावानं पण हाच दिला होता, वर्गातल्या निम्म्या पोरींची हीच पानं असणार, आणि तपासणारेसुद्धा जाडी बघून मार्क देतात हे तिला पक्कं ठाऊक. पण ही पोरगी दोन पूर बघितलेली आहे. आमचं माहेरचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, २०१९ ला ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता तिला खांद्यावर टाकून भावानं बाहेर काढली होती, तेव्हा बारकी होती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या पोरांना पाढ्याआधी येतंय. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना नळाला मात्र पाणी नाही, कारण नदीवरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेलेली. शेजारच्या वाड्यातला आड तेवढा कामाला आला. वर्षानुवर्षं त्यावर पत्रा टाकून कुंड्या ठेवलेल्या होत्या, त्या पोरांनी बाजूला केल्या, गाळ उपसला, तुरटी टाकून, उकळून आख्ख्या गल्लीनं ते पाणी वापरलं. हे सगळं जिच्या अंगावरनं गेलंय तिनं दात घासताना नळ बंद ठेवा असं लिहून द्यायचं, हे मला बघवेना. मी म्हटलं प्रिंट काढत नाही, रविवारी माझ्याबरोबर चल, तुझ्या मैत्रिणींनाही बोलव.

पहिल्यांदा गेलो ते गांधी मैदानावर. शिवाजी पेठेतल्या माणसाला काय सांगायचं, पण ह्या पोरींनी ते मैदान क्रिकेटसाठी, सभेसाठी आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्याच्या बातमीसाठीच बघितलेलं. तिथं वरुणतीर्थ नावाचं तळं होतं, हे म्हटल्यावर एकजण पटकन म्हणाली, "म्हणून व्हय ओ दरवर्षी तुंबतंय?" मी काहीच सांगितलं नव्हतं. तिथनं चालत कपिलतीर्थ मार्केटात, मेथीच्या जुड्या आणि ढीगभर कोथिंबीर, आम्ही उभे होतो तिथं पण तीर्थ होतं, म्हणजे पाणी होतं. कोल्हापूरला तळ्यांचं गाव म्हणायचे, त्यातली कितीतरी बुजवली, कुठं मंडई, कुठं मैदान, कुठं वस्ती. त्या वेळच्या लोकांनी वाईट हेतूनं बुजवली असं नाही, साचलेल्या पाण्यानं रोगराई व्हायची, शहर वाढत होतं, जागा हवी होती, आणि नळाचं पाणी आल्यावर तळ्याची गरज संपली असं वाटलंच असणार. मला स्वतःला त्या मंडईतनं भाजी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. पण पाऊस जुनं विसरत नाही, त्याला उतार माहीत आहे. पोरींनी शहराचा नकाशा मोबाईलवर काढून त्यावर तळी मांडायला सुरुवात केली, जी आहेत ती निळी, गेलेली ती लाल, रंकाळा निळा, कोटितीर्थ निळं, वरुणतीर्थ लाल, कपिलतीर्थ लाल. शहरातनं वाहणाऱ्या जयंतीला कुठला रंग द्यायचा ह्यावर भांडण झालं. एक म्हणाली नाला आहे, दुसरी म्हणाली नदी आहे. शेवटी तिला निळी रेघ काढून वर काळे ठिपके दिले. पुराचं पाणी पहिल्यांदा ज्या सुतारवाड्यात शिरतं आणि तिथली माणसं दरसाल गाठोडी बांधून चित्रदुर्ग मठात जातात, तो ह्याच काळ्या ठिपक्यांच्या काठाला आहे, हे नकाशावर दिसल्यावर पोरी जरा गप्प झाल्या.

मग टाऊन हॉल म्युझियम. बाहेर जुनी मोठाली झाडं, आत थंड दगडी हवा आणि काचेच्या कपाटात पितळ्या उजेडात तो छोटासा पोसायडन. वीतभरही नाही मूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि सापडला कुठं तर पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, १९४४-४५ च्या सुमारास, त्याच्याबरोबर ब्राँझचा आरसा, भांडी, हत्तीवर बसलेली माणसं. सातवाहनांच्या वेळी रोमशी व्यापार होता त्याची ही खूण, कोकणातल्या बंदरात उतरायचं आणि घाट चढून इथवर यायचं. हे दरवेळी सांगितलं जातं आणि अभिमान वाटण्यासारखं आहेच. पण मला पोरींना वेगळंच दाखवायचं होतं. १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी ब्रह्मपुरीला रीतसर उत्खनन केलं, तिथं सातवाहन काळातली पक्क्या विटांची घरं निघाली, आणि त्याच्यावर कितीतरी शतकांनंतरची बहामनी काळातली वस्ती, काचेच्या बांगड्यांचे तुकडे वगैरे. म्हणजे एकाच टेकाडावर लोक पुन्हा पुन्हा येऊन राहिले. म्युझियममधनं आम्ही ब्रह्मपुरीकडं गेलो. आता तिथं उत्खननाचं असं काही दिसत नाही, घरं आहेत, पण चढ आहे, पायाला कळतो. वर गेल्यावर मी फक्त विचारलं, नदी तिकडं आहे, शेतं तिकडं आहेत, मग रोज पाण्याचे घडे घेऊन हा चढ चढायचा त्रास का घेतला असेल त्यांनी? भाची म्हणाली, "आत्ती, आपलं घर इथं असतं तर रात्री दोनला उठायला लागलं नसतं." मग लगेच म्हणाली, "पण तेव्हा खाली शेतात कोण राहत असेल?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आम्ही तिथनं नदी बघत बसलो, पलीकडं ऊस, ऊस आणि ऊस. त्या उसाला लागणाऱ्या पाण्याचा विषय पोरींनीच काढला, कारण तिघींच्या घरी ऊस आहे आणि बिलाची वाट सगळेच बघतात. सोपं उत्तर कुणाकडंच नाही, आणि ते नाही हे सोळा वर्षांच्या पोरींना कळलं ह्याचं मला बरं वाटलं.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या खड्ड्यानं. ड्रेनेजच्या कामाला जेसीबीनं रस्ता उकरला होता, पुरुषभर खोल चर, कडा सरळ कापलेली. संध्याकाळी काम बंद झाल्यावर मी पोरींना बोलावलं, कडेला बसून मोबाईलची बॅटरी मारली. सगळ्यात वर पेव्हर ब्लॉक, त्याखाली बारीक खडी, मग डांबराचा काळा पट्टा, परत खडी, परत डांबर, म्हणजे दर थोड्या वर्षांनी रस्त्यावर रस्ता चढलेला, म्हणूनच आमच्या घराचा उंबरा आता रस्त्यापेक्षा खाली गेलाय आणि पावसाचं पाणी घरात येतंय. त्याखाली तांबडा मुरूम. आणि मुरमाखाली काळी माती, तिच्यात खापराचे तुकडे, कौलाचे, थोडा कोळसा, एक हिरव्या काचेची बांगडी, अर्धीच. म्युझियममध्ये बांगड्यांचं ऐकलं होतं ते आठवून भाची एकदम खूश. मी म्हटलं काढायची नाही, आहे तिथं राहू दे, कुठल्या थरात आहे ह्यालाच किंमत आहे, उपटली की ती नुसती काच. तिनं फोटो काढला, शेजारी मापाला पट्टी धरली. मग त्यांनी वरच्या मुरमात बघायला सुरुवात केली तर तिथं दुधाच्या पिशवीचा कोपरा, गुटख्याच्या पुड्या, शांपूचा सॅशे. सॅशेचा गुलाबी रंग जसाच्या तसा. खालच्या मातीत शेणाचं, लाकडाचं, दोरीचं, कापडाचं सगळं मिसळून गेलेलं, उरलं फक्त भाजलेलं आणि काच. शेजारचा पोरगा नववीतला, तो इतका वेळ नुसता बघत होता, म्हणाला, "मग आमचं काय सापडायचं ओ काकू, चिप्सचं पाकीट?" कुणी हसलं नाही. प्लॅस्टिकबंदीवर भाषणं ह्या पोरांनी शाळेत बालवाडीपासून ऐकलीत. त्या संध्याकाळी त्यांनी आपापल्या घरी एका दिवसात जमणारा कचरा मांडून त्यातलं काय कुजेल आणि काय ह्या चरात तसंच राहील त्याच्या दोन याद्या केल्या, कुणी न सांगता.

मी त्यांना इनामगावचं सांगितलं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजनंच १९६८ पासून कितीतरी वर्षं खणलेलं ताम्रपाषाण काळातलं गाव. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, जव पिकवायचे, नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी कालवा आणि बांध घातला होता, धान्याचं कोठार होतं, घरं चौकोनी, ऐसपैस. मग इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं असं संशोधक म्हणतात, आणि त्याच्या वरच्या थरात घरं दिसतात ती बारकी गोल झोपडीवजा, शेती कमी होत गेलेली, शिकार आणि शेळ्यामेंढ्यांवर भर, आणि शेवटी इसवीसनपूर्व ७०० च्या आसपास गावच सोडलेलं. गाव सोडणं म्हणजे काय हे पूरग्रस्त पोरांना वेगळं समजावायला लागत नाही. पण मला त्यांना घाबरवायचं नव्हतं, म्हणून मी ते तिथंच संपवलं नाही, हेपण सांगितलं की ती माणसं पाऊस कमी झाला म्हणून पुढच्या वर्षी उठून गेली नाहीत, पुढं दोन-तीनशे वर्षं तिथंच राहिली, बदलत राहिली, पीक बदललं, जनावरं बदलली, घर बदललं. चौकोनी घरातनं गोल झोपडीत येणं ही हार म्हणायची की अक्कल, ह्यावर पोरी बराच वेळ वाद घालत होत्या आणि मला त्यात पडावंसं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. जुन्या विहिरी, बारवा, तळी दाखवताना आपण फार लवकर भारावतो, पूर्वीची माणसं कशी निसर्गाला धरून राहायची वगैरे. पाणी होतं, पण सगळ्यांना नव्हतं. ज्या शहरात पागेतल्या हौदाला शिवलं म्हणून गंगाराम कांबळेंना मार खावा लागला, आणि मग शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, त्या शहरात पाण्याचा इतिहास सांगताना हे गाळून कसं चालेल. १९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या करायचे हुकूम काढले. हुकूम काढावे लागले, ह्यातच सगळं आलं. म्हणून मी पोरींना सांगितलं की प्रत्येक पाण्याच्या जागी एक प्रश्न ठरलेला, पाणी कुठनं येतंय, आणि दुसरा पण ठरलेला, इथं कुणाला भरू देत नव्हते. ज्यांच्या घरात ह्याची आठवण आहे त्या पोरींनी दुसऱ्या प्रश्नाला जे सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. आणि आजही सुतारवाड्यातलंच सामान दरसाल का बांधलं जातं, दुसऱ्या कुणाचं का नाही, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे असं मला वाटतं.

आता ह्यातली अडचण सांगते, कारण ती मोठी आहे. शिकवायला म्हणून अशा जागी माणसं न्यायची तर माणसांनीच त्या जागेचं वाटोळं होतंय. अंधारबावीतली ती बाटली कुठल्यातरी सहलीतनंच आलेली असणार. वडापावचे कागद, कुरमुऱ्यांच्या पिशव्या, दगडावर बाण काढून नावं. खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाच्या खांबांना येणारा प्रत्येकजण हात लावतो, मीपण लहानपणी स्वर्गमंडपात झोपून वर आभाळ बघत खांबाला पाय लावलेत. बारव साफ करायला गेलेल्या उत्साही पोरांनी ॲसिड टाकून दगड घासल्याचं ऐकलं की पोटात गोळा येतो. आणि उत्खननाची जागा म्हणजे तर एकदा विस्कटली की गेलीच, तिथलं खापर खिशात घालून आणलं की ते घरातल्या शोकेसमध्ये मुकं होऊन बसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आधी थोडी पोरं, वीस-पंचवीसच्या वर नकोतच, पाण्याची बाटली घरची, पुडीतलं काही नाही, हात मागं बांधून बघायचं आणि वहीत काढायचं. तलाठ्याचा जुना नकाशा मिळाला तर बरोबर घ्यायचा. एका दिवसात पन्हाळा, जोतिबा आणि वर नरसोबाची वाडी असली सहल नको, एकच विहीर घ्या, पण तिच्यापाशी अर्धा दिवस बसा, पाणी किती खोल आहे ते दोरी सोडून मोजा, मेमध्ये परत या आणि परत मोजा. दोन आकडे झाले की पोरं स्वतः विचारायला लागतात. शाळांना हे जमत नाही, वेळापत्रक, बसचं भाडं, परवानग्या, सगळं मला मान्य आहे. पण विहीर लांब असायला लागत नाही. बहुतेक शाळांच्या अर्ध्या किलोमीटरात एखादी सापडते, कचऱ्यानं भरलेली का असेना.

भाचीनं शेवटी वीसच पानं दिली. नकाशा हातानं काढलेला, चराचं चित्र मापासकट, घराच्या भिंतीवरच्या दोन्ही पुरांच्या रेघा फुटपट्टीनं मोजून, आणि माझ्या आईची मुलाखत, आई रंकाळ्यावर धुणं घेऊन जायची तेव्हा तळ कसा दिसायचा त्याची. तपासणाऱ्यांनी विचारलं म्हणे, संदर्भ कुठायत, वेबसाइटची नावं लिहिली नाहीस. मार्क बेताचे पडले. ती रुसली दोन दिवस, मग स्वतःच म्हणाली की प्रोजेक्ट झाला पण वही चालू ठेवूया, आड राहिलेत. आता शुक्रवार पेठ ते गंगावेश ह्या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये कुठं कुठं आड होता, कुणी कधी बुजवला, कशानं बुजवला, अजून कुठल्या पत्र्याखाली, कुठल्या बाथरूमच्या फरशीखाली जिवंत पाणी आहे, हे ती आणि तो नववीतला पोरगा शनिवार-रविवार विचारत फिरतात. म्हातारी माणसं आधी कशाला पायजे म्हणतात आणि मग चहा पाजून तासभर सोडत नाहीत. तुमच्या वाड्यात आड असेल किंवा होता असं कुणी सांगत असेल तर त्या माणसाला आत्ताच विचारून घ्या, जागा, खोली, पाणी गोडं होतं की मचूळ, आणि मला कळवा. पुढचा पूर यायच्या आधी ह्या वहीतलं गंगावेशचं पान भरायचं आहे.